लाभ, दोन, तीन

आमचे नाना मार्केट यार्डात मापाडी होते. हमाल पोतं काट्यावर टाकायचे आणि नाना खांद्यावरचा टॉवेल सावरत मोठ्यानं मोजायचे. ती मोजणी कधीही 'एक'पासून सुरू झाली नाही. पहिल्या पोत्याला 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. ही रीत काही नानांची एकट्याची नव्हे, खळ्यावर धान्य मोजणारा जुना माणूस असाच मोजायचा. सुट्टीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि भुसार मालाच्या धुळीत, ज्वारीच्या थप्पीवर बसून ते ऐकायची. पहिलीत बाईंनी एकदा अंक म्हणायला उभं केलं, तर मी सगळ्या वर्गासमोर खणखणीत सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वडील काय करतात गं?"

पुढे मीही बाई झाले, गणिताचीच. पण आकड्यांशी इतका घरोबा असून एका आकड्याला मी आयुष्यभर भीत आले. काटा हा आपल्या भाषेतला फार राबणारा शब्द आहे. वजनाचा काटा, घड्याळाचा काटा, बाभळीचा काटा, अंगावरचा काटा. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडी 'काटा मारला' हा आणखी एक. यातले तीन-चार तरी रोज सकाळी मला एकदमच भेटतात. ज्या घराचं पोट काट्यावर चाललं, त्या घरातली मुलगी काट्यावर पाय ठेवताना डोळे मिटून घेते, ही गोष्ट नानांना मी कधी सांगितली नाही.

भुईकाट्याचा हिशेब सोपा असतो. भरलेली गाडी चढवायची, मग माल उतरवून रिकामी गाडी चढवायची. दोन्हींतला फरक म्हणजे माल. माझी भरलेली गाडी ११८ किलोची होती. रिकामी झाली तेव्हा ७४. मधला चव्वेचाळीस किलो माल मी २०१४ साली पुण्यात उतरवून आले होते. गेल्या दिवाळीनंतर त्याच गाडीचं वजन १०३ भरलं.

तेव्हा झालं होतं ते वजनाचं ऑपरेशन, स्लीव्ह. जठराची पिशवी उभी कापतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. तीन चतुर्थांशाहून जास्त भाग बाहेर. त्या बाहेर गेलेल्या भागातच भूक लावणारं एक संप्रेरक मुख्यतः तयार होतं. ग्रेलिन त्याचं नाव. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली ते शोधलं, म्हणजे भूक माणसाइतकीच जुनी आणि तिचा निरोप्या सापडला तो मी बी.एड. करत होते तेव्हा. ऑपरेशननंतरचे सहा महिने भूक नावाची बाई घर सोडून गेली होती. वाटीभर डाळीचं पाणी प्यायलं की झालं. मग ती आली परत. आधी पाहुणी म्हणून, पिशवी दाराशी ठेवून बसली. मग एकदा माझ्या नकळत स्वयंपाकघरात जाऊन तिनं पदर खोचला.

माझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पहिलं वर्षभर दवाखान्यातून फोन यायचे, पुढे ते थांबले आणि मीही जायची थांबले. बी-१२ची गोळी कधी घेतली, कधी राहिली. नाना आजारी पडले. २०१९च्या दिवाळीनंतर ते गेले. त्यानंतर टाळेबंदी आली आणि सगळ्यांचीच घरं स्वयंपाकघराएवढी झाली. पण वजनापेक्षा वाईट निघालं ते आंबट पाणी. अन्ननलिकेच्या तळाशी एक झडप असते, खालचं वर येऊ न देणारी. माझं ते दार शनिशिंगणापूरचं झालं. चौकट आहे, दार नाही. आडवं झालं की आम्ल घशाशी. दोन उशा, मग तीन, आणि शेवटी मी बसूनच झोपायला लागले. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "रिव्हिजन करावं लागेल. स्लीव्हचं बायपास करू."

मला आधी हसूच आलं. आमच्या घरात तेव्हा लेकीच्या बारावीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं आणि त्यावर तिनं हिरव्या शाईनं लिहिलं होतं, 'रिव्हिजन १', 'रिव्हिजन २', 'फायनल रिव्हिजन'. आमच्या लहानपणी याला उजळणी म्हणत. पाढ्यांच्या पातळ पुस्तकालाही उजळणीच म्हणत. वर्गात मी हा शब्द हजारदा वापरलाय. उजळणी करायला सांगितली म्हणून कुणी मूल रडत घरी गेल्याचं मला आठवत नाही. आधीचा अभ्यास वाया गेला असं उजळणी करणाऱ्याला वाटत नाही. मग मला का वाटावं? पण वाटलं. गाडी सुप्याच्या पुढे येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून होते, आणि नवरा रेडिओचा आवाज उगाच कमी-जास्त करत होता.

पहिल्या वेळची भीती साधी होती. भूल दिली आणि जाग आलीच नाही तर? ही भीती सांगता येते, सांगितली की चार माणसं पाठीवर हात ठेवतात. घरात तेव्हा ती सगळ्यांची मिळून होती. गल्लीत लोक विचारायचे, "गडकरींनी केलं तेच ना हो?" नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि त्यामुळे उभ्या महाराष्ट्राला तो शब्द माहीत झाला होता. एका नेत्याच्या पोटानं माझ्या पोटाची अशी मदत केली. नाना पुण्याला माझ्यासोबत आले. आयुष्यभर पोती उसवणारा आणि शिवणारा माणूस, त्यांनी सर्जनना अगदी व्यवसायबंधूच्या नात्यानं विचारलं, "कापल्यावर शिवता कशानं? सुतळी कुठली?" डॉक्टर बिचारे गंभीरपणे म्हणाले, "टायटॅनियमच्या बारीक पिना असतात, काका. एका ओळीत बसतात." नानांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दाभणाचं काम नाही ते."

त्या दिवशी आम्ही हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवलो. नानांचा आग्रह होता. पुण्याला आलं की ते तिथेच जेवायचे. स्टीलच्या ताटात भाकरी, झुणका, कांदा. मी अर्धी भाकरी ठेवली, तर ती त्यांनी न बोलता आपल्या ताटात घेतली. टाकायचं नाही. हा त्यांच्या एकट्याचा नियम नव्हता, तो दुष्काळाचा होता. १९७२ला ते ऐन विशीत होते. जामखेडकडच्या त्यांच्या गावात विहिरी तळाला गेल्या, जनावरं दावणीला मेली, आणि घरातली सगळी माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची. नाना ती भाकरी नेमकी कशी तुटायची ते हातानं दाखवायचे. अशा माणसाच्या घरात मी ११८ किलोची झाले. आमच्या आजीच्या लेखी ती चांगली बातमी होती. 'खात्यापित्या घरची' दिसत होते मी. पावसाची सावली पडलेल्या या जिल्ह्यात जाड मुलगी म्हणजे घरात कणगी भरलेली आहे याचा पुरावा. आणि तो पुरावा कापून काढायला मी पैसे भरत होते. नानांनी पैशाला नाही म्हटलं नाही. फक्त एकदा म्हणाले, "पोटाला मिळावं म्हणून सगळं केलं. आता पोटच नको म्हणतात."

दुसऱ्या वेळची भीती मात्र सांगता येत नाही. तिच्यात मरणाचा भाग थोडा आहे, पण तो मागच्या बाकावर बसलाय. पुढच्या बाकावर आहे ती आशा. पुन्हा आशा धरायची आणि तीही लोकांसमोर. पहिल्यांदा बारीक झाले तेव्हा मी काय काय केलं ते आठवलं की कानशिलं तापतात. सगळ्यात लाज वाटते ती शिंपीणकाकूंकडच्या त्या दुपारची.

ब्लाउज शिवताना आत जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर उसवून घेता यावं म्हणून. आमच्या गल्लीतल्या काकू माझ्या प्रत्येक ब्लाउजला दोन्ही बाजूंनी भरपूर माया ठेवायच्या आणि दर दिवाळीला एक-एक शिवण सोडायच्या. मी ७४ किलोची झाल्यावर सगळे ब्लाउज घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते आवळून दिले आणि विचारलं, "आतली माया राहू दे ना?" मी म्हटलं, "कापून टाका." त्या थांबल्या. मी पुन्हा म्हटलं, "कापून टाका काकू, आता नाही लागायची." कात्री चालली. रंगीत पट्ट्यांचा एक ढीग मशीनच्या पायाशी पडला, जांभळा, मोरपंखी, हळदी, आणि मी तो अभिमानानं बघत उभी राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे परत गेले तेव्हा त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. ब्लाउज उलटा करून त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं, उसवायला काहीच नव्हतं, म्हणून काखेत वेगळ्या कापडाची पट्टी जोडून दिली. मोरपंखीला काळी. ती पट्टी हात वर केल्याशिवाय दिसत नाही. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला हात वर करावाच लागतो.

आणि एक गोष्ट सांगून टाकते. २०१७च्या फेब्रुवारीत इजिप्तची इमान अहमद मुंबईला आली. पाचशे किलोंच्या आसपास वजन, कित्येक वर्षं घराबाहेर न पडलेली. मालवाहू विमानातून आणली, पलंगासकट क्रेननं उचलून दवाखान्यात नेली, आणि टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्या स्टाफरूममध्ये मोबाईलभोवती घोळका जमला. कुणीतरी क्रेनवरून विनोद केला. सगळे हसले. मीही हसले. चौऱ्याहत्तर किलोंची मी, नव्या साडीत, त्या हसण्यात मोठ्यानं सामील झाले, कारण हसणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायला मिळण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. इमान त्याच वर्षी मे महिन्यात अबुधाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये वारली. छत्तीस-सदतीस वर्षांची बाई. तिचा फोटो आता मला रात्री तीन वाजता आठवतो, आणि क्रेन आठवत नाही, पलंगाच्या कडेला धरलेला कुणाचा तरी हात आठवतो.

रात्री तीन ही माझी ठरलेली वेळ आहे. घशात आग घेऊन जाग येते आणि मग भीती आपली पथारी पसरते. सुरुवातीला मी मोबाईल घ्यायचे आणि दुसऱ्या ऑपरेशनात काय काय बिघडू शकतं ते वाचत बसायचे. ते बंद केलं. आता उठून खिडकीशी बसते. आमच्या घरापासून भुईकोट किल्ला फार लांब नाही. त्या किल्ल्यात १९४२च्या ऑगस्टपासून काँग्रेस कार्यकारिणीची बारा माणसं कोंडली होती, हे आम्ही नगरची माणसं पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबरच सांगतो. सांगताना नेहरूंचं पुस्तक पुढे करतो. मला मात्र हल्ली मौलाना आझाद जवळचे वाटतात. पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतःच्या हातानं चहा करायचे, आपली आवडती चिनी पत्ती, दुधाशिवाय, आणि मित्राला पत्रं लिहायचे. पत्रं टाकायची सोय नव्हती. तरी लिहायचे. त्या पत्रांचं पुढे 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. त्यात चहावर लिहिलंय, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर लिहिलंय. मधे १९४३च्या एप्रिलमध्ये तिकडे कलकत्त्याला त्यांची पत्नी गेली. यांना शेवटचं भेटता आलं नाही. नेहरू आवारात बाग खणत होते. सुटका कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. तारीख ठाऊक नसलेली माणसं काय करतात? चहा करतात, चिमण्या बघतात, माती खणतात. माझ्याकडे तर तारीख आहे. चहा तेवढा डॉक्टरांनी बंद केलाय.

समुपदेशक बाईंकडे दोनदा जावं लागलं. ऑपरेशनआधी ते करतातच. तरुण मुलगी, माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची. ती म्हणाली, "भीती वाटेल तेव्हा ती कागदावर उतरवा." मी वही केली. पहिल्या पानावर फक्त हिशेब लिहिला गेला, नानांच्या पट्टीसारखा: तोलाई, हमाली, आडत, हाती काय. दुसऱ्या भेटीत तिनं वही मागितली नाही, मला सरळ विचारलं, "सगळ्यात वाईट काय होईल असं वाटतं?" मी म्हटलं, "की हेही परत येईल." "आणि आलं तर?" मी गप्प बसले. गणितात अशा वेळी आपण 'समजा' म्हणतो, क्ष समजा. समजा आलं. समजा चार वर्षांनी पुन्हा आलं. तर त्या चार वर्षांत मी रात्री आडवी झोपलेली असेन. हे उत्तर मी तिला दिलं नाही, परतीच्या वाटेवर घोडनदीच्या पुलावर सुचलं. पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि आपला लागतो. तिथे मला नेहमी काहीतरी सुचतं.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही, हे त्यांचं चांगलं. आत पहिल्या वेळचं चिकटलेलं असतं, ते सोडवत जावं लागतं, वेळ जास्त लागतो, धोका पहिल्यापेक्षा जास्त, आणि वजन मागच्याइतकं उतरेलच असं नाही. आंबट पाणी मात्र बहुधा थांबेल. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करायची आणि लहान आतडं वर ओढून तिला जोडायचं. आम्ल करणारा मोठा भाग बाजूला पडतो. वजनासाठी बायपासची सुरुवात अमेरिकेत आयोवाला डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायका पुढे बारीकच राहतात, एवढं त्यांना दिसलं होतं. दिसलं सगळ्यांनाच असणार. थांबून विचार त्यांनी केला.

मग डॉक्टर एक गोष्ट सहज बोलून गेले आणि मला खुर्ची घट्ट धरावीशी वाटली. स्लीव्ह हे मुळात पूर्ण ऑपरेशन नव्हतंच म्हणे. फार वजनाच्या माणसाला मोठी शस्त्रक्रिया एका दमात झेपत नाही, म्हणून ती दोन टप्प्यांत करायचे, आणि स्लीव्ह हा त्यातला पहिला टप्पा. पहिल्यानंतरच पुष्कळांचं वजन इतकं उतरलं की दुसऱ्याची गरज भासली नाही, आणि पहिला टप्पाच स्वतंत्रपणे नांदू लागला. म्हणजे ज्याला मी अकरा वर्षं पूर्णविराम समजत होते तो स्वल्पविराम होता. आधी कुणी सांगितलं असतं तर मी रागावले असते. आता बरं वाटलं.

माणसं मात्र एकाच शब्दात सगळं विचारतात: "पुन्हा?" यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी अकरा घरी गेले आणि तो शब्द अकरा सुरांत ऐकला. पंधरा दिवसांचं पातळ खाणं चालू होतं, ताक, डाळीचं पाणी, प्रोटीनची पावडर. यकृत आक्रसावं म्हणजे दुर्बिणीला वाट मिळते. तिळगूळ पदराच्या टोकाला बांधून आणत होते. गोड बोला म्हणून हातावर वडी ठेवायची आणि त्याच श्वासात "अगं पण मागच्या वेळी केलं होतंस ना?" तिसऱ्या घरापासून मला मेहेरबाबा आठवायला लागले. आमच्या अरणगावजवळ मेहेराबादला त्यांची समाधी आहे. १० जुलै १९२५ला त्यांनी मौन धरलं आणि १९६९ साली देह ठेवला तोवर सोडलं नाही. जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं. मी त्यांची भक्त नाही, पण त्या टेकडीवर अधूनमधून बसायला जाते, तिथे कुणी काही विचारत नाही. हळदीकुंकवात मात्र मौन चालत नाही. सातव्या घरी एका म्हाताऱ्या मावशींनी "पुन्हा?" म्हटल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कल्हई पुन्हा करत नव्हतात का मावशी?" त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "दर वर्षी! नाहीतर आमटी कळकायची." आणि त्यांनी माझ्या ओटीत वाणाचा स्टीलचा डबा घातला. आठव्या घरी हेच वाक्य ठरवून म्हटलं, तर मुळीच जमलं नाही.

श्वासाचं एक यंत्र दिलंय. प्लॅस्टिकच्या तीन नळ्या, तीन रंगीत गोळ्या. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा की गोळ्या वर चढतात. भूल उतरल्यावर फुप्फुसं नीट उघडावीत म्हणून आधीपासून सराव. पहिली गोळी लगेच उठते, दुसरी कष्टानं. तिसरीनं मला आठवडाभर दाद दिली नाही. घरात त्याचा खेळ झाला. लेक अभ्यासातून उठून यायची, एका दमात तिन्ही गोळ्या वर नेऊन परत जायची. नवऱ्याच्या दोनच चढतात, तंबाखू सोडून दहा वर्षं झाली तरी. परवा रात्री तीनला मी अंधारात बसून ओढत होते. गोळ्या दिसत नव्हत्या, नुसता टक् असा आवाज येतो, वर जाऊन आदळल्याचा. टक्. टक्. आणि बऱ्याच वेळानं, श्वास तुटायच्या बेताला, तिसरा टक्. मी यंत्र खाली ठेवलं. घशात आग होतीच. पण भीती किती वाजता उठून गेली ते कळलं नाही.

काल पुण्याला आले. दाखल करताना एक गोंधळ झाला. जुन्या फाईलवर पत्ता अहमदनगर, नव्या आधारकार्डावर अहिल्यानगर. काउंटरवरच्या मुलाला वाटलं मी घर बदललं. "घर तेच आहे," मी म्हटलं, "गावाचं नाव बदललंय." त्यानं दोन्ही फाईली एकमेकींत अडकवल्या. २०१४च्या फाईलमध्ये नातेवाइकाच्या सहीच्या जागी नानांची सही होती, शाळा सोडलेल्या माणसाची, प्रत्येक अक्षर वेगळं उभं. मी ती फार वेळ पाहिली नाही. खाली यंदाच्या फॉर्मवर नवऱ्यानं सही केली.

संध्याकाळी सिस्टरनं काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. मी डोळे उघडे ठेवले होते, हे काही फार मोठं नाही, पण ठेवले होते. गेल्या आठवड्यात शिंपीणकाकूंकडे दोन ब्लाउज टाकून आलेय. माप आत्ताचंच घ्या म्हटलं. त्यांनी खडू कानावर ठेवून विचारलं, "आणि माया?" म्हटलं, "ठेवा. नेहमीसारखी ठेवा."

मघाशी भूलतज्ज्ञ येऊन गेले. दात हलतात का, मान किती वळते, मागच्या वेळी उलटी झाली होती का, सगळं विचारलं. म्हणाले, उद्या तोंडावर मास्क ठेवला की आकडे मोजायला सांगेन. मी विचारलं, "एकपासूनच मोजायचे का?" ते जरा चमकले. मग हसून म्हणाले, "कुठूनही मोजा, बाई. पाचपर्यंत कुणी पोचत नाही."

रात्री बारानंतर पाणीसुद्धा बंद. पायांत घट्ट मोजे चढवलेत. लेकीचा मेसेज आला, तिचं 'रिव्हिजन २' उद्यापासून आहे. उद्याची ऑपरेशनची यादी सिस्टरच्या टेबलावर लागलीय. माझा नंबर दुसरा आहे.